रिकामी तळी

खापर,
१७ फेब्रुवारी २०२५

अल्पना,

अक्षर ओळखलंच असशील. आधी हे सांगून ठेवतो की मी बाधा मोडलेली नाही. तू भाईदासशी लग्न केलंस तेव्हा तुझ्याशी तोंडाने बोलणार नाही, असा नेम, अशी बाधा मी उपाश्रयात महाराजसाहेबांसमोर घेतली होती. लिहिणार नाही असं तेव्हा म्हटलं नव्हतं. हे कागदावर मांडायच्या आधी पुष्कळ विचार केला, तरी शंका राहिलीच आहे. उत्तर लिहिताना तूही बाधेचा विषय काढू नकोस.

तुझ्या आईचं वर्षीतप चालू आहे. एक दिवस नुसतं उकळलेलं पाणी, एक दिवस जेवण, असं वर्षभर. अक्षय तृतीयेला पारणं. उसाचा रस मुलाच्याच, अभिनंदनच्याच हातून घेईन, असं ती पहिल्या दिवसापासून म्हणते आहे. जिना चढताना भिंतीला हात लावते, आणि मी बघतोय असं कळलं की लगेच काढून घेते. डॉक्टर म्हणाले साखर कमी आहे. मी म्हणालो पुरे कर, तर म्हणाली, "थे म्हारो तप क्यूं तोडो?"

आता कामाचं. अभिनंदन सुरतेच्या पुढे खाडीवर मिठाचं काम करतो, हे तुला ठाऊक आहे. दर दिवाळीला एक पोतं मीठ घरी आणतो, आपण गावात वाटतो. मागच्या महिन्यात विसरवाडीचे आपले कापडवाले पाहुणे दुकानात आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "उमेदमलजी, तुमच्या अभिनंदनच्या गाड्या आमच्या हॉटेलासमोर थांबतात. आत बर्फ असतो हो. मीठ काय उन्हात नासतं का?" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून घास उतरत नाही.

अभिनंदनला विचारलं तर म्हणाला, गाडी दुसऱ्याला भाड्याने दिली होती. असेल. पण त्याने उत्तर फार लवकर दिलं.

सुकलाल, तो बसस्टँडवरचा झेरॉक्सवाला, सांगत होता की तुमच्या संस्थेत उपग्रहाच्या चित्रांवरून समुद्रकाठचं जंगल मोजतात. कुठे तुटलं, त्या जागी काय आलं, सगळं वरून दिसतं म्हणे. तर मला एवढंच बघून सांग, त्याच्या तळ्यांमध्ये मीठ आहे की झिंगे. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. आपल्या घरात कांदा येत नाही, अल्पना.

फोन करू नकोस. तुझी आई फोन स्पीकरवर लावते आणि शेजारच्या बायका ऐकतात. सुकलालच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. त्याला मी काही सांगितलेलं नाही, फक्त कागद येतील असं सांगितलं आहे.

तुझ्या घरी सगळे बरे असतील.

उमेदमल


खापर,
११ मार्च २०२५

अल्पना,

कागद मिळाले. लिफाफा सुकलालनेच फोडला, कारण वर त्याच्या दुकानाचं नाव होतं. चित्र बघून तो मला म्हणाला, "शेठ, ह्या त मिरचीना पथाऱ्या शेतस. आपला नंदुरबारना फोटू धाडा का पोरनी?"

मला पण तसंच वाटलं. खाडीच्या दोन्ही बाजूंना लालच लाल. नंदुरबारच्या बाहेर मिरची वाळत घालतात ना, तशी मोठमोठी आवारं. मी म्हणालो, चला, मिरची तर मिरची, त्यात पाप नाही. घरी जाईपर्यंत मी खूश होतो. मिरची समुद्रकाठच्या दमट हवेत कोण वाळवेल, हे दारात चप्पल काढताना लक्षात आलं.

मग तुझं पान वाचलं. हिरव्या पानातून असा एक उजेड निघतो जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, उपग्रहाला दिसतो, आणि तो कागदावर लाल दाखवतात. म्हणून जितकं लाल तितकं हिरवं. हे मी तीनदा वाचलं. माणसाने हिरव्याला लाल का म्हणावं हे मला पटलं नाही, पण तुमच्यात तशी रीत असेल.

दोन चित्रं शेजारी ठेवली. दहा वर्षांपूर्वीचं सगळं लाल, तिवरांचं. आताच्यात त्या लालाच्या मधोमध कुणी पाटीवर रेघा मारल्यासारखे काळपट चौकोन. तू लिहिलंस की मुळं पाण्याबाहेर काढून श्वास घेणारी ती झाडं होती, त्यांच्यात माशांची पिल्लं वाढतात, लाट ती अडवतात. पाच ओळी झाडांवर लिहिल्यास आणि एक ओळ भावावर. ती एक ओळ अशी, की अजून नक्की सांगता येत नाही.

ठीक आहे. मिठाची तळी उथळ असतात आणि उन्हाळ्यात पांढरी होतात, झिंग्यांची खोल असतात आणि काळीच राहतात, म्हणून एप्रिलपर्यंत थांबा, असं तू म्हणतेस. मी थांबतो. थांबणं मला जमत नाही, पण करायचं काय.

तुमच्या अहवालात माणसांची नावं नसतात, फक्त रंग असतात, हे वाचून बरं वाटलं. खरंच नसतात ना? पुन्हा एकदा बघून घे.

सुकलाल रोज चिडवतो. "शेठ, तुमनी पोरले इचारा, मन्हा धाब्बावर कितल्या मिरच्या शेतस, वरथीन मोजी लेवा." मी हसून घेतो. त्याला वाटतं मी पोरीशी पुन्हा जोडलो गेलो. वाटू दे.

आईला पत्राचं सांगितलेलं नाही. तिचा आज उपवासाचा दिवस आहे. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या डोळा लागला होता. मी दोनदा जवळ जाऊन श्वास बघून आलो.

उमेदमल


खापर,
१२ एप्रिल २०२५

चि. अल्पना,

चित्र आलं. बाकीच्या लोकांचे चौकोन पिठासारखे पांढरे आणि त्याचे काळे. मला समजावून सांगायची गरज नव्हती, तरी तू सांगितलंस.

तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, आम्ही जमिनीवर जाऊनही खात्री करतो, असं लिहून तू भाईदासला तिथे पाठवलंस. मी पाठव म्हटलं नव्हतं. तो माझ्यासाठी बांधावर उन्हात उभा राहिला, हे मला जड जातं. तो मासेमारांच्या घरचा. त्याला लांबूनच कळलं असेल. पाण्यात पंखे फिरत होते, राखणदाराने मालकाचं नाव अभिनंदन शेठ सांगितलं. भाईदास तुला म्हणाला, "मिठाला वारा लागतो, पंखा लागत नाही." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला पाणी वगैरे कुणी विचारलं का तिथे?

मी अभिनंदनला फोन केला. दुकानाच्या मागच्या गोदामातून केला. म्हणालो, "तळ्यात काय आहे?"

"मीठ, बापूजी."

"पंखे कशाला मग?"

मग म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"वरून दिसतं."

"अल्पीने." मग हसला. "तुम्ही तिच्याशी बोलायला लागलात?"

मी म्हणालो, बोलत नाही, विषय बदलू नकोस. तर म्हणाला, "बापूजी, मी हात लावत नाही. जमीन माझी, परवाना माझा, पण पिल्लांचं बी सोडतात ते दुसरे, जाळं ओढतात ते दुसरे. मी बांधावरून खाली उतरलेलोसुद्धा नाही. माझ्या ताटात काही फरक पडलेला नाही. मीठ होतंच सुरुवातीला. मिठात काही उरत नाही हो. तुम्ही कधी विचारलंत, काय उरतं?"

मी नव्हतं विचारलं हे खरं आहे.

तुला लहानपणी प्रतिक्रमणात शिकवलं होतं. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदना, म्हणजे होकार, देणं, तिन्हीचं पाप सारखं. हे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "मग तुम्ही कुठल्या नंबरात बसता ते बघा." उलट नाही बोलला, थकलेल्या माणसासारखं बोलला. त्याचा आवाज पण माझ्यासारखाच झाला आहे.

आता मला माझा नंबर कळला आहे. तिसरा. पारण्यापर्यंत मी गप्प बसलो आणि तिने त्याच्या हातून रस घेतला, तर तो माझा होकार. आणि सांगितलं तर तिचं वर्ष वाया, आणि त्या अंगात दुसरं वर्ष नाही. परवा तिने त्याच्यासाठी चांदीचा छोटा कलश घासून ठेवला. म्हणाली, अभिनंदनची बोटं जाड आहेत, त्याला नीट धरता आला पाहिजे.

तू काय केलं असतंस ते लिहू नकोस. मला माहीत आहे तू काय केलं असतंस.

उमेदमल


खापर,
१ मे २०२५

चि. अल्पना हिस,

सांगितलं.

पारण्याच्या दोन दिवस आधी, सकाळी, ती माळ संपवून उठली तेव्हा. चित्र समोर ठेवलं. तिला लाल-काळं काही कळेना. म्हणाली, हे रांगोळीचं आहे का. मग मी सरळ सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "पोरीने काढलं हे?" मी म्हणालो उपग्रहाने काढलं, अल्पनाने बघितलं. ती म्हणाली, "म्हारो बेटो झूठ कोनी बोले." असं म्हणून उकळलेलं पाणी मागून घेतलं आणि पाठ करून बसली. मला वाटलं तिने मानलंच नाही. खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटलं. मी माझं काम केलं, तिने मानलं नाही, सुटलो.

काल पारणं. सगळे आले होते, अक्कलकुव्याचे, शहाद्याचे, तुझी मावशी कलश मोजत होती. स्तवन झालं. अभिनंदन पांढऱ्या कपड्यात पुढे आला, गुडघ्यावर बसला, कलश तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड उघडलं नाही.

त्याला वाटलं रस गार आहे म्हणून. "बाई, घे ना."

ती म्हणाली, "तळी रिकामी कर."

हळू म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. मावशी म्हणाली, "कसली तळी ग?" अभिनंदनने माझ्याकडे बघितलं. त्याच्या हातातला रस कपड्यांवर सांडला, तरी तो तसाच धरून होता. मग म्हणाला, "करतो, बाई. उद्याच करतो. आता घे."

"रिकामी कर. मग घेईन."

आणि उठून आत गेली. पाहुणे जेवले. जेवणार नाहीत तर काय करतील, स्वयंपाक झाला होता. अभिनंदन न जेवता गाडी घेऊन गेला.

ती पारण्याआधीच्या उपवासातच आहे अजून. एक दिवसाआड नाही, सलग. सूर्यास्तापर्यंत नुसतं पाणी. महाराजसाहेबांना निरोप पाठवला, त्यांचा विहार चालू आहे, दोन मुक्काम पुढे गेले.

तिला काय वाटतं ते मला माहीत आहे. पाखरांच्या बाजारातून पिंजरे सोडवून आणायची ना ती, पर्युषणात, आणि माळावर जाऊन दार उघडायची. तिला वाटतं तळ्याचं दार उघडलं की सगळं खाडीत पोहत निघून जाईल.

उमेदमल


खापर,
४ मे २०२५

चि. अल्पना,

सुकलाल याचा फोटो काढून तुला फोनवर पाठवेल, म्हणून थोडक्यात लिहितो.

अभिनंदनचा काल फोन आला. तळी रिकामी झाली म्हणाला. मी तिच्या कानाला फोन लावला. तिने ऐकलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "अल्पनाला वरून बघू दे."

जो मुलगा खोटं बोलत नाही म्हणत होती त्याचं तिने ऐकलं नाही. आणि तुझं नाव या घरात तिने माझ्यासमोर पाच-सहा वर्षांनी घेतलं.

उपग्रह पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातो असं तू लिहिलं होतंस. मधे जाऊ शकत नाही का? दुसऱ्या कोणाचा नाही का? ढग आहेत का तिकडे? डॉक्टर येऊन गेले. सलाईन नको म्हणते. जीभ कोरडी पडली आहे, पण माळ चालू आहे. जे दिसेल ते लगेच पाठव, सुकलालच्या फोनवर पाठव, तो रंगीत काढून देईल.

घाई कर बेटा.

उमेदमल


खापर,
१० मे २०२५

चि. अल्पना हिस अनेक आशीर्वाद,

तुझा आवाज ऐकला. तुला माहीत आहे, तरी लिहितो.

बुधवारी सकाळी सुकलालने दुकानातून हाक मारली, "शेठ, फोटू उना." मी गेलो तर तो फोन कानाला लावून उभा. मला बघून त्याने स्पीकर लावला. तू विचारलंस, "बापूजी आलेत का?" सुकलाल म्हणाला, "उनात. तुम्ही बोला ताई, शेठ बोलावूत नई." त्याला बाधेचं कुणी सांगितलं देव जाणे. सगळ्या गावाला माहीत असेल.

तुझा आवाज जाड झाला आहे. सर्दी आहे का? तिकडच्या दमट हवेने होतं. आलं टाकत जा. ते आपल्यात चालत नाही, पण औषध म्हणून टाक.

तू म्हणालीस, चौकोन पांढरट झालेत, तळी रिकामी आहेत, पण बापूजी, पाणी सोडून नाही, माल काढून. भाईदासने सांगितलं, दोन दिवस जाळी लागली होती, बर्फाच्या गाड्या उभ्या होत्या. अर्धवट वाढलेले झिंगे होते, पण घेणारे मिळतात. झिंग्यांची तळी रिकामी होतात ती अशीच होतात, दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने नाही, हे मी आधी सांगायला हवं होतं, असंही म्हणालीस. मग विचारलंस, "बापूजी, ऐकताय ना?" सुकलाल म्हणाला, "आयकी ऱ्हायनात, आयकी ऱ्हायनात. मुंडी हालाई ऱ्हायनात."

मी मुंडी हलवत नव्हतो. ती आपोआप हलत होती.

तू पुढे म्हणालीस की त्या जागी लाल परत आलेलं नाही. मी विचारलं नव्हतं, पण ऐकलं. बांध फोडून भरतीचं पाणी आत येऊ दिलं तर तिवर पुन्हा उगवतील, वर्षं लागतील. अभिनंदनला लिहीन. तो ऐकेल असं नाही.

सुकलालने चित्र काढून दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "शेठ, बाईले काय सांगशात?" मी म्हणालो, चित्र दाखवीन.

घरी आलो तर अभिनंदन आधीच पोचला होता, आईच्या पायाशी बसला होता. दाढी वाढलेली. मला वाटलं होतं की त्याला बघून संताप येईल. आला नाही. तो आईला म्हणाला, "तू म्हणालीस तसं केलं, बाई." त्याने खरंच तसंच केलं होतं. ती रिकामी कर म्हणाली, त्याने रिकामी केली. आपल्या मुलाला धंद्यात शब्द पाळायला मी शिकवलं आहे, शब्दात काय मावतं आणि काय मावत नाही तेही मीच शिकवलं.

मी चित्र तिच्या हातात दिलं. तिने डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. बोटाने चौकोन शोधले.

"काळं कुठे गेलं?"

"पाणी गेलं," मी म्हणालो.

"जीव?"

अभिनंदन खाली बघत होता. तिचे ओठ फुटले होते, एका बाजूला रक्त वाळलं होतं. डॉक्टरांनी आदल्या दिवशी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी तुला लिहिलं नव्हतं.

"आता तिथे एकही जीव नाही," मी म्हणालो.

ती म्हणाली, "सुटले."

मी म्हणालो, "हो. सुटले."

मग तिने रस घेतला. अभिनंदनच्या हातून. पहिला घोट बाहेर आला, दुसरा राहिला. तो रडत होता, तिला वाटलं आनंदाने. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. आता मुगाचं पाणी घेते, कालपासून थोडा भात. पायऱ्या चढत नाही, पण आवाज परत आला आहे, मला ओरडते.

सगळ्यांना सांगते आहे, माझ्या मुलाने इतके जीव सोडले. उपाश्रयात बायकांनी अनुमोदना केली. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मीही हात जोडले.

तिने मागितलं म्हणून तो माल दोन महिने आधी निघाला, हे तिला कळलं तर ती पुन्हा पाण्यावर बसेल आणि या वेळी उठणार नाही. तू खोटं बोलत नाहीस, ते मला माहीत आहे, आणि मी तुला खोटं बोल असं सांगत नाही. पण ती आता तुला फोन करायचं म्हणते. मी अडवणार नाही. नंबर सुकलालने दिला आहे. ती भाईदासशी पण बोलेल, म्हणाली जावयाला विचारायचं आहे की त्याला ताक आवडतं का.

आणि एक विचारेल. मला रोज सकाळी विचारते, अल्पनाला विचारा, ते खाडीत सुखरूप असतील ना, भरतीला लांब गेले असतील ना. मी तिला सांगितलं आहे की पाण्याच्या आतलं तुला वरून दिसत नाही.

एवढं तरी खरं आहे ना? कळव.

तुझा बाप,
उमेदमल